शंभरी, नव्वदी, ऐंशी : जुन्या स्कोअरकार्डांच्या प्रकल्प नोंदी

११ जानेवारी २०२५

डाव्या मनगटाची कंडरा सुजली आहे. दहा आठवडे गोल्फच्या क्लबला (दांड्याला) हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. म्हणून वर्षानुवर्षं पुढे ढकललेलं काम आज काढलं : बुटांच्या खोक्यातली गोल्फची स्कोअरकार्डं.

खोकं उपडं केलं. रबरबँड केव्हाच वितळून कार्डांना चिकटले होते, ते नखाने खरवडून काढावे लागले. मोजली तर २६३ कार्डं निघाली. पहिलं २००९ चं, शेवटचं गेल्या नोव्हेंबरातलं.

प्रकल्प असा : एकेक कार्ड होलनिहाय स्प्रेडशीटमध्ये चढवायचं. (होल म्हणजे मैदानाच्या अठरा भागांपैकी एक. गोल्फमध्ये एकूण फटके जितके कमी तितकं चांगलं.) शंभरच्या आत, नव्वदच्या आत आणि ऐंशीच्या आत मी पहिल्यांदा कधी आलो, त्या तिन्ही दिवसांच्या आठवणी त्या-त्या कार्डासमोर लिहून ठेवायच्या. आठवणी तर पाठच आहेत. इतक्यांदा सांगून झाल्यात की घरचे शेवटचं वाक्य आता माझ्याआधी म्हणतात. तेव्हा कटकटीचा भाग फक्त टायपिंगचा, असं आज तरी वाटतंय.

१२ जानेवारी

वर्गवारी केली. ३१ कार्डांवर तारीखच नाही. १९ नुसती नऊ होलची. उरली २१३.

शिसपेन्सिलीने लिहिलेली कार्डं पेनाच्या कार्डांपेक्षा जास्त टिकलीत. शाई पावसाने आणि घामाने पसरते, शिसं नुसतं फिकट होतं. फिकट आकडे वाचायची युक्तीही सापडली. खोलीत अंधार करायचा आणि टॉर्च कार्डाच्या कडेशी आडवा धरायचा. पेन्सिलीचा दाब पडला असेल तिथे बारीक सावली पडते आणि आकडा उठून दिसतो. लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही ताम्रपट वाचताय असं वाटतंय."

जुन्या कार्डांवरचं अक्षर माझं नाही. स्ट्रोकप्लेमध्ये (सगळे फटके मोजायच्या प्रकारात) आपले फटके आपण लिहीत नाही, मार्कर म्हणजे सोबतचा नोंद ठेवणारा लिहितो, आणि माझे मार्कर पहिली आठ वर्षं एकच. वयाने माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे, मला हा नाद लावला तोही त्यांनीच. कानामागे बोटभर पेन्सिलीचा तुकडा आणि प्रत्येक होल झाला की चालता चालता लिहिणं. काही आकड्यांशेजारी त्यांनी बारीक टिंब दिलंय. ते कशाचं, हे आठवायला अर्धा तास गेला. टिंब म्हणजे गिमी. चेंडू भोकाजवळ थांबला की ते "उचल" म्हणायचे आणि तो पट (भोकाकडे घरंगळवायचा हलका फटका) पडला असं आम्ही धरायचो.

तेव्हा नियम ठरवून टाकले. टप्पा धरायचा तर अठरा होल पूर्ण हवेत, प्रत्येक चेंडू भोकात पडलेला हवा, आणि पहिल्या टीवरचा (होल जिथून सुरू होतो त्या जागेवरचा) फटका बिघडला म्हणून फुकटात दुसरा मारलेला चालणार नाही. लेक म्हणाली, "स्वतःलाच एवढे नियम?" मी म्हटलं, हिशेब आहे. (हे उत्तर पुढे महागात पडलं. कंस नंतर घातलाय.)

१८ जानेवारी

२००९ आणि २०१० संपलं. पहिल्या कार्डावर १३१. त्या वर्षी माझी शंभरी चौदाव्या होलवरच भरायची, पुढचे चार होल नुसतं पायी चालण्याचं पुण्य. एका होलवर १४ लिहिलेत. त्या चौकोनात दोन आकडे मावेनात म्हणून चार बाहेर लटकतोय.

लेकीने विचारलं, जगात सगळ्यात कमी किती? पीजीए टूरवर (अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत) पहिली ५९ अल गायबर्गरची, १९७७ ची. मग २०१६ मध्ये जिम फ्युरिकने ५८ केले. तिने लगेच वजाबाकी केली : १३१ वजा ५८ म्हणजे ७३. "म्हणजे तो पूर्ण राउंड खेळून झाल्यावर तुम्ही आणखी एक पूर्ण पारचा राउंड खेळलात, वर एक फटका." (पार म्हणजे होलला किंवा मैदानाला ठरवून दिलेले फटके, इथे ७२.)

२०११ च्या कार्डांवर छापील पारच्या ओळीवर पेन्सिलीने दुसरेच आकडे लिहिलेत. ही मार्करांची शिकवण. पार ७२ च्या मैदानावर सगळे होल डबल बोगीने (पारपेक्षा दोन जास्त) खेळलं तर १०८ होतात. नऊ बोगी (पारपेक्षा एक जास्त) आणि नऊ डबल बोगी केल्या की बरोब्बर ९९. त्यामुळे शंभरच्या आत यायला एकही पार लागत नाही, ही गोष्ट मला दोन वर्षं कुणी सांगितलीच नव्हती. ते म्हणाले, "छापलेला पार विसर. तुझा पार मी लिहितो." सोप्या होलवर एक वाढवला, अवघड होलवर दोन. तळ्याचा चौथा होल छापील चारचा, माझ्या कार्डावर सहाचा झाला. त्याचा परिणाम असा की तळ्याच्या अलीकडे चेंडू थांबवायची लाजच वाटेना. तोवर दर वेळी तळं ओलांडायला जायचो आणि तळ्याच्या पोटात किती चेंडू गेले त्याची गणती नाही.

त्या एका पेन्सिलीने माझे दहा फटके कमी केले. पुढे काही शिकवण्याही लावल्या, त्यांनी मिळून तेवढे केले नाहीत.

२५ जानेवारी

आज ९९ चं कार्ड. १३ मे २०१२. हे खोक्यात नव्हतंच, वेगळ्या पाकिटात जपून ठेवलेलं.

आधी आठवण, नेहमी सांगतो तशी. संध्याकाळ, सावल्या लांबलेल्या. सतरा होल झाल्यावर मार्करांनी बेरीज केली आणि म्हणाले, "त्र्याण्णव. सहा फटके आहेत तुझ्याकडे." अठरावा होल पार पाचचा. मी ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारणारा क्लब) काढला, त्यांनी काही न बोलता तो परत बॅगेत घातला आणि सेव्हन आयर्न (मधल्या अंतराचा क्लब) हातात दिली. सेव्हन आयर्न, पुन्हा सेव्हन आयर्न, तिसऱ्यांदाही तीच. मग वेजने ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक गवतावर. पहिला पट चार फूट अलीकडे थांबला. मार्करांनी झेंड्याची काठी काढून गवतावर ठेवली आणि पाठ फिरवून उभे राहिले. भोकाचा व्यास १०८ मिलिमीटर, चेंडूचा ४३ च्या आतबाहेर, पण त्या क्षणी ते भोक अंगठीएवढं दिसत होतं. मी जरुरीपेक्षा बराच जोरात मारला. चेंडू मागच्या कडेवर आपटला, वर उडाला आणि आत पडला. भोक मध्ये आलं नसतं तर पाचसहा फूट पुढे गेला असता. मार्कर पाठमोरेच म्हणाले, "आवाज आला." हे ते शेवटचं वाक्य, जे घरचे माझ्याआधी म्हणतात.

आता कार्ड. पहिले नऊ : ६, ६, ५, ६, ५, ७, ४, ७, ५. पुढचे नऊ : ५, ६, ४, ६, ५, ७, ४, ६, ६. पेन्सिलीने खाली लिहिलंय ५० आणि ४९, शेजारी ९९, त्याभोवती दोनदा गोल.

मी आकडे वाचत होतो, लेक टाइप करत होती. तिने स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बाबा, पन्नास नाही, एक्कावन्न."

पुन्हा वाचले. बोटावर मोजले. कॅलक्युलेटर आणला. टॉर्च लावून बघितलं, कुठे सहाचा पाच होतोय का. कुठेच होत नाही. पहिले नऊ ५१, एकूण १००.

बारा वर्षं आठ महिने मी लोकांना शंभरची गोष्ट ९९ म्हणून सांगतोय.

२६ जानेवारी

काल रात्री गोल्फचे अधिकृत नियम वाचत बसलो. नियम ३.३ म्हणतो की प्रत्येक होलचे फटके बरोबर आहेत की नाही ही जबाबदारी खेळाडूची, बेरीज मात्र त्याच्यावर नाही, ती स्पर्धेच्या कमिटीची. स्पर्धा असती तर कमिटीने निमूट १०० लिहिले असते आणि मला कसलाही दंड झाला नसता. होलचा आकडा खऱ्यापेक्षा कमी लिहून सही केली असती तर सरळ बाद. जास्त लिहून सही केली तर तोच जास्तीचा आकडा गळ्यात.

त्या जास्तीच्या आकड्याचं सगळ्यात बोचरं उदाहरण १९६८ च्या मास्टर्स या मोठ्या स्पर्धेतलं. अर्जेंटिनाच्या रोबेर्तो दे विसेंझोने शेवटच्या दिवशी सतराव्या होलवर बर्डी (पारपेक्षा एक कमी) केली, तीन फटके. मार्कर टॉमी एरनने कार्डावर चार लिहिले. दे विसेंझोने न तपासता सही केली. ६५ चे ६६ झाले, बॉब गोल्बीशी बरोबरी आणि प्लेऑफ हुकला, एका फटक्याने स्पर्धा गेली. त्या दिवशी त्याचा पंचेचाळिसावा वाढदिवस होता. पुढे १९७३ ची मास्टर्स टॉमी एरनने जिंकली.

त्याला एक फटका फुकट भरावा लागला आणि मला एक फुकट मिळाला. एवढंच साम्य. पण कार्ड न तपासता खिशात घालणं दोघांचंही सारखंच.

२७ जानेवारी

काम नाही. पाकीट कपाटात परत ठेवलं, मग पुन्हा बाहेर काढलं.

१ फेब्रुवारी

मग खरा पहिला कोणता? २०१२ चा गठ्ठा पुढे चढवला आणि सापडला. १ जुलै २०१२, सात आठवड्यांनी. ४८ आणि ४९, एकूण ९७. बेरीज तीन वेळा केली, बरोबर आहे. टिंब एकही नाही. नियमात बसतं.

आणि मला त्या दिवसातलं काहीही आठवत नाही.

कार्ड वाळलेल्या पानासारखं वाकलंय, म्हणजे भिजलं असणार. अकराव्या होलवर, पार चार, तीन लिहून त्याभोवती गोल. ही बर्डी! माझी पहिली बर्डी मी २०१३ ची सांगतो, पार तीनच्या होलवर टीवरून चेंडू भोकाशेजारी पडला होता ती. इथे त्याच्या आदल्या वर्षीच एक नोंदलेली आहे. हे कसं विसरलो असेन? कारण उघड आहे. माझ्या लेखी शंभर तर मेमध्येच झालं होतं. ९७ म्हणजे नुसता एक बरा दिवस. ज्या दिवशी खरं काम झालं, त्या दिवशी बघायला मी हजरच नव्हतो.

स्प्रेडशीटमध्ये 'आठवण' हा रकाना या ओळीत रिकामा ठेवलाय.

८ फेब्रुवारी

नव्वद. इथे धास्तीनेच हात घातला.

२०१४ पासून मी कार्डाच्या मागे पटांची संख्या लिहू लागलो होतो, ते आता उपयोगी पडलं. नव्वदच्या आत यायचं गणित शंभरपेक्षा कठोर आहे. सतरा बोगी आणि एक पार, तेव्हा कुठे ८९. ९० ते ९२ च्या दरम्यान सात राउंड अडकलेले दिसतात आणि त्यांतल्या एकाही राउंडमध्ये ३६ पेक्षा कमी पट नाहीत. मी त्या काळात ड्रायव्हर बदलत बसलो होतो. दोनदा.

पहिली म्हणून सांगतो ती ८९, सप्टेंबर २०१५ ची. सातव्या आणि सोळाव्या होलवर टिंबं. सोळाव्याचं मला स्पष्ट आठवतं : दीडदोन फूट राहिले होते, मार्कर म्हणाले "उचल", मी उचलला. मॅचप्लेमध्ये (एकेक होल जिंकायच्या प्रकारात) प्रतिस्पर्ध्याला पट सोडून देता येतो. १९६९ च्या रायडर कप या संघांच्या स्पर्धेत जॅक निकलसने टोनी जॅकलिनला असाच सोडला आणि अख्खा सामना १६-१६ असा बरोबरीत सुटला. पण स्ट्रोकप्लेमध्ये चेंडू भोकातच घालावा लागतो. दीड फुटांवरून मी चुकलो नसतो, असं म्हणायला जीभ उचलत नाही. दीड फुटांवरून मी किती चुकलोय ते कार्डांच्या मागे लिहिलेलं आहे.

बाद. खरं नव्वदच्या आत एप्रिल २०१६ मध्ये, ८८. पट ३२. ते चांगलं आठवतं. नाट्य काहीच नव्हतं. मधल्या हिवाळ्यात रोज संध्याकाळी तीन फुटांवरून पन्नास पट मारले होते, त्याचा तो निकाल.

१५ फेब्रुवारी

ऐंशीचं कार्ड धुतल्या तांदळासारखं निघालं. ऑगस्ट २०२२, ७९. दोन बर्डी, पाच पार, अकरा बोगी. डबल बोगी एकही नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. त्याआधी मी तीनदा ८० वर थांबलो होतो. त्या तिन्ही कार्डांवर शेवटच्या चार होलमध्ये एकेक डबल बोगी बसलेली आहे. तिन्ही वेळा पंधराव्या टीवर मी कार्ड काढून बेरीज केली होती. ७९ च्या दिवशी मार्कर नवीन होते, तरुण, कार्ड त्यांच्या खिशात. राउंड संपल्यावर त्यांनी नुसतं वाचून दाखवलं आणि मी म्हटलं, परत वाचा.

आनंद एक दिवस टिकला, कारण आज मैदानांचा रकानाही भरला. ते मैदान पार ७० चं. कोर्स रेटिंग (कसलेल्या खेळाडूला लागतील असे फटके) ६८.१, स्लोप (साध्या खेळाडूला मैदान किती जड जातं त्याचा आकडा) ११७. जागतिक हँडिकॅप (खेळाडूची पातळी आकड्यात मांडायची) पद्धत २०२० ला आली, त्याआधी जगात सहा वेगवेगळ्या पद्धती होत्या. आता फटक्यांतून कोर्स रेटिंग वजा करायचं, ११३ ने गुणायचं, स्लोपने भागायचं. त्यातून येतो तो डिफरन्शियल, जितका कमी तितका खेळ चांगला. ७९ चा आला १०.५.

मग सहज सगळ्या अलीकडच्या कार्डांना तेच सूत्र लावलं. सगळ्यात कमी डिफरन्शियल ७.३. कोणत्या राउंडचा? मार्च २०२३, लांब आणि अवघड मैदान, रेटिंग ७३.४, स्लोप १३४, आणि मी ८२. त्या दिवसाचं मला एवढंच आठवतं की सतराव्यावर तीन पट लागले आणि परतताना गाडीत मी कुणाशी बोललो नाही. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला खेळ तो होता. कार्डाच्या मागे मीच लिहून ठेवलंय : "भंगार."

२२ फेब्रुवारी

तारीख नसलेली ३१ कार्डं. गुप्तहेरगिरीचा दिवस.

नियम बदलले की कार्डावर खुणा राहतात. एका कार्डावर नवव्या होलसमोर "काठी +२" असं आहे. ग्रीनवरून मारलेला पट भोकातल्या झेंड्याच्या काठीला लागला तर दोन फटके दंड होता. २०१९ पासून तो गेला, आता काठी आतच ठेवून पट मारता येतो. म्हणजे हे कार्ड २०१९ च्या आधीचं. दुसऱ्यावर समासात लिहिलंय "५ मि. शोधला, नाही". चेंडू शोधायला पाच मिनिटं होती ती २०१९ पासूनच तीन झाली. तेही आधीचं. अक्षरावरून आणखी बारा लावता आली. बाकी तशीच सोडून दिली. टप्पा त्यांत कुठेच नाही, जिवाला घोर नाही.

२ मार्च

फोन केला. जुने मार्कर आता खेळत नाहीत, गुडघे दमलेत, पण आवाज तसाच.

आधी ९९ चं सांगितलं. "तुमची बेरीज एकाने चुकली होती." पलीकडे थोडी शांतता. मग म्हणाले, "माहीत आहे."

"कधीपासून?"

"दुसऱ्या दिवसापासून. घरी झोपताना मनात आकडे परत लावले. पण तोवर तू गावभर सांगून मोकळा झाला होतास."

मी ९७ चं विचारलं, १ जुलै, काही आठवतं का. ते हसायला लागले. "पाऊस होता. सगळे नवव्यावरून परत फिरले. तूही निघाला होतास. मी म्हटलं, मला खेळायचंय, चल. मला कुठे खेळायचं होतं? तू अठ्ठेचाळीसवर होतास आणि ती बेरीज मी दोनदा केली होती." अकराव्याला मी ग्रीनच्या बाहेरून चिप आत घातली आणि एवढ्याने ओरडलो म्हणे की शेजारच्या टीवरचा एकटा उरलेला माणूस अर्ध्या फटक्यात थांबला. शेवटचा पट? एक फुटाचा. "तेव्हा उचल म्हणालो नाही, लक्षात आहे का?"

लक्षात नव्हतं.

"आणि माझी छत्री नेलीस त्या दिवशी. कार्ड भिजू नये म्हणून कार्डावर धरली होती ती. हिरवी-पांढरी."

९ मार्च

हिरवी-पांढरी मोठी छत्री दाराच्या मागे आहे. इतकी वर्षं मी ती माझीच समजत होतो. दांड्यावर, मुठीच्या खाली, त्यांची आद्याक्षरं कोरलेली आहेत.

शीट पूर्ण. २१३ ओळी, पाकिटातल्या कार्डाची एक, शिवाय तारीख लागलेल्या चौदा. मे २०१२ च्या ओळीत एकूण १००, पण आठवण आहे तशीच ठेवली, 'आवाज आला'सकट. जुलै २०१२ च्या ओळीत आठवणीच्या रकान्यात भरलं : "पाऊस. अकराव्यावर चिप, ओरडलो. शेवटचा एक फुटाचा पट, उचलू दिला नाही. (ऐकीव.) छत्री परत करायची."